गवा आणि कंदीलपुष्प : संवर्धनस्थितीची तुलना

१. प्रास्ताविक

परस्परांशी कोणतेही नाते नसलेल्या दोन जीवांची तुलना कशासाठी करावी, असा प्रश्न आपणास पडेल. गवा हा महाकाय सस्तन प्राणी, तर कंदीलपुष्प ही कंद असलेली नाजूक वनस्पती. दोन्ही कोल्हापूरच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत आढळतात. मात्र त्यांना लागणारे संरक्षण एकसारखे नाही. ते का, हे आपण पाहू.

२. गवा

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १००० किलोपर्यंत भरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गवा ‘असुरक्षित’ गटात मोडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. कळपांना चारा, पाणी आणि सलग जंगल लागते. जंगलालगत ऊस उभा राहिला, की गवे शिवारात उतरतात. पिकांची नासाडी होते, प्रसंगी माणसाचा जीवही जातो. पाळीव गुरांचे रोगही त्यांना बाधतात.

३. कंदीलपुष्प

‘सेरोपेजिया’ या प्रजातीतील अनेक जातींना कंदीलपुष्प किंवा खरचुडी म्हणतात. यांतील कित्येक जाती केवळ पश्चिम घाटात, तेही मोजक्या कड्यांवर व सड्यांवर उगवतात. फुलाच्या नळीतील केसांमुळे लहान माशी आत अडकते. केस सुकल्यावर परागपुंज घेऊन ती बाहेर पडते. खाण्यासाठी कंद खणणे, गुरांची चराई आणि सड्यांवरील बॉक्साइटचे उत्खनन यांमुळे या वनस्पती संकटात आल्या. कायद्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण १९९१च्या दुरुस्तीने आले. त्यात मोजक्याच वनस्पतींना स्थान मिळाले. कंदीलपुष्प त्यांत नव्हते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात मात्र या दुर्मीळ जातींचे जतन केले जाते.

४. तुलना व निष्कर्ष

गव्याला कायदा आणि अभयारण्य दोन्ही लाभले. तथापि तो सीमा ओळखत नाही. म्हणून त्याचे भवितव्य सीमेबाहेरील शेतकऱ्याला वेळेवर मिळणाऱ्या भरपाईवरही अवलंबून आहे. कंदीलपुष्प जागचे हलत नाही. एक सडा खणला गेला, की तेथील सर्व रोपे नष्ट होतात. उद्यानात रोप जगते, पण सडा आणि परागण करणारी माशी उद्यानात आणता येत नाही. म्हणजेच संवर्धनाचा विचार जीवाच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या जगण्याच्या रीतीवरून करावा लागतो.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) गवे शिवारात का उतरतात?
२) केवळ उद्यानातील जतन कंदीलपुष्पास पुरेसे का नाही?
३) आपल्या परिसरातील एक प्राणी व एक वनस्पती निवडून त्यांच्या संवर्धनस्थितीची तुलना करा.