बैलगाडी व मोटार यांचा रस्ता एकच

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे ढोकीच्या आसमंतांत रस्त्याचें रूप पालटतें. लातूरहून मुरूड, ढोकी, तडवळे व येडशी यांवरून बार्शीकडे जाणारा हा मार्ग. मालमोटारी, प्रवासी गाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांच्यामधून उसानें लादलेल्या बैलगाड्या तेरणा कारखान्याची वाट संथपणें चालत असतात. मध्यंतरीं हा कारखाना अनेक वर्षें बंद होता, त्या काळांत मोटारवाल्यांस मोकळ्या रस्त्याची संवय लागून गेली.

तथापि या मुलखांत गाडी कांहीं आजची नव्हे. ढोकीच्या शेजारचें तेर हेंच प्राचीन तगर होय. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथांत, तगरचें साधें कापड बिनरस्त्याच्या मोठ्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोच बंदरास नेत असत, असा उल्लेख आहे. तेव्हां गाडी होती, रस्ता नव्हता. आतां डांबरी रस्ता झाला, तर त्यावर गाडीवानासच जागा मागावी लागते.

वाचकहो, थोडा हिशेब करून पाहा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. भरलेली बैलगाडी तेवढ्यांत जेमतेम एक मीटर सरकते. पुढें कांहीं आहे हें ध्यानीं येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर वाट सरली. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरहि लहान मोटार थांबण्यास आणखी २० मीटर लागतात. मालमोटारीस याहून अधिक. रात्रीं खालीं वळविलेल्या दिव्यांचा उजेड पुष्कळदां याच्या फारसा पुढें पोंचत नाहीं. त्यांत समोरून दुसऱ्या मोटारीचा झोत डोळ्यांवर आला, तर गाडी दिसते ती अगदीं जवळ आल्यावरच. आणि गाडीवर नुसता ऊस नसतो. उचल घेऊन दूरच्या कोरडवाहू गांवांहून आलेला तोडणी कामगार, त्याची कारभारीण, आणि कित्येकदां मोळ्यांवर निजलेलें लेंकरूं, एवढा संसार त्या अंधारांत चाललेला असतो.

कायद्याचें एक वचन येथें सांगितलें पाहिजे, कारण तें फारच थोड्यांस ठाऊक असतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १३२ वें कलम असें आहे कीं, आपलें जनावर मोटारीमुळें बुजत आहे किंवा बुजून अनावर होईल असें ज्याच्या ताब्यांत तें आहे त्यास वाटलें व त्यानें थांबण्यास सांगितलें, तर चालकानें मोटार उभी केली पाहिजे, आणि जरूर तितका वेळ उभीच ठेविली पाहिजे. म्हणजे गाडीवानानें हात वर केला तर ती विनवणी नव्हे. त्या हातामागें कायदा उभा आहे. असें असतां आपले चालक काय करितात? बैलांच्या कानाशीं कर्कश भोंगा वाजवितात, आणि बैल बिथरला कीं दोष गाडीवानास देतात! आमच्या मतें ज्याच्या हातीं वेग आहे, त्याच्यावरच सांभाळण्याचा भार अधिक आहे.

परंतु गाडीवानानें दिसलें पाहिजे, हेंहि खरें. अमेरिकेंत आमिश नांवाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. हे लोक स्वतः मोटार न चालवितां घोड्याच्या बग्गींतून जातात. तेथें मंदगति वाहनांच्या पाठीमागें नारिंगी त्रिकोण लावण्याची रीत १९६० नंतर पसरली, व पुष्कळ आमिशांनीं ती पत्करली. त्यांपैकीं स्वार्ट्झेनट्रूबर नांवाच्या कडक शाखेनें मात्र तो भडक रंग व तें ऐहिक चिन्ह आपल्या सद्सद्विवेकास मानवत नाहीं असें सांगितलें. मिनेसोटा राज्यांत हा वाद वरिष्ठ न्यायालयांत गेला. १९९० मध्यें न्यायाधीशांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. कारण उजेड परतविणारी पांढरी पट्टी व तांबडा कंदील लावण्यास ते लोक सिद्ध होते, आणि तेवढ्यानें रस्त्यावरील सुरक्षिततेचा हेतु साधत होता. दंड ठोठावण्याआधीं मंदगति मनुष्यास त्याची अडचण विचारली, तर मार्ग निघतो तो असा.

आमच्या गाडीवानाची अडचण मताची नाहीं, उसाची आहे. गाडीच्या मागल्या फळीवर चकाकणारी पट्टी चिकटविलेली असली, तरी ऊस भरला म्हणजे वाढ्याचे शेंडे मागें लोंबून ती पार झांकली जाते. म्हणून पट्टी फळीवर नको. हातभर जाड कापडावर ती शिवून घ्यावी, आणि फडावर ऊस भरून झाला कीं शेवटच्या दोराबरोबर तें कापड मोळ्यांच्या पाठीमागें, सर्वांच्या वर, ताणून बांधावें. शेजारीं तांबडा दिवा टांगतां आला तर उत्तमच. कारखान्यांत ऊस उतरल्यावर कापड सोडून रिकाम्या गाडीच्या मागल्या फळीस बांधावें. परतीची वाटहि बहुधा अंधारांतच सरावयाची असते.