गुणवत्तेचा पुढारी कसा असावा?



गळीत हंगामात उतारा घसरला की पहिला प्रश्न निघतो, "चूक कुणाची?" शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना शिळ्या उसाकडे, आणि शेवटी खापर फुटते तोडणी मजुरांच्या डोक्यावर. अशा भांडणाने पोत्यात साखर पडत नाही. एफआरपी उताऱ्यावर ठरते, म्हणून हा प्रश्न आपल्या खिशाचा आहे. ५ लाख टन गाळपात उतारा ०.१ टक्का जरी घटला, तरी ५,००० क्विंटल साखर गेली.

अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. डेमिंग १९५० साली जपानमध्ये गेले व तेथील कारखानदारांना त्यांनी गुणवत्तेचे धडे दिले. त्यांची शिकवण अशी की, दोष बहुतेक वेळा माणसात नसून कामाच्या पद्धतीत असतो आणि पद्धत सुधारणे हे वरिष्ठांचे काम आहे. टोयोटा कारखान्यात ताइइची ओहनो यांनी दोष दिसला की पाच वेळा "का?" विचारण्याची शिस्त लावली.

हीच रीत आपल्या उसाला लावून बघा. उतारा का घसरला? रसाची शुद्धता कमी झाली. का? ऊस शिळा होता. का? तोडल्यावर दोन दिवस फडातच पडला. का? वाहन आले नाही. का? तोड आणि वाहतूक यांचा मेळच घातला नव्हता. पहिल्याच "का"ला थांबलो असतो, तर दोष मजुराच्या माथी मारून मोकळे झालो असतो.

यावरून पुढाऱ्याचे गुण आपोआप कळतात.

१. तो जागेवर जातो. फड, गव्हाण आणि प्रयोगशाळा तिन्ही ठिकाणी त्याचे पाय लागतात.

२. तो मोजतो. "ऊस तयार दिसतोय" एवढ्यावर तो तोड देत नाही. हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचा व शेंड्याचा ब्रिक्स पाहतो. दोन्ही जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व. तोडीची वेळही तो लिहून ठेवतो, कारण तुटलेला ऊस २४ तासांत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला तर साखर मोडते, डेक्स्ट्रान वाढून रस चिकट होतो.

३. तो वाईट बातमी ऐकून घेतो. मोळीत पाचट, वाढे, माती आली असे सांगणाऱ्या स्लिपबॉयवर तो खेकसत नाही. एकदा दटावला की पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

४. नियम तो आधी स्वतःला लावतो. वजन वापरून आपला कच्चा ऊस पुढे घालणाऱ्याने क्रमपाळीवर व्याख्यान देऊ नये.

बंधूंनो, असा पुढारी संचालक मंडळातच असतो असे नाही. मुकादम असेल, ट्रॅक्टरवाला असेल, नाही तर आपल्यापैकीच कुणी. येत्या हंगामात प्रत्येक गटाने असा एक माणूस पुढे करावा, आम्ही शेतकी खात्याची मंडळी त्याच्या सोबत फडात येऊ, एवढीच विनंती.

– ऊस विकास अधिकारी