अर्धांगवायूनंतरचा हात आणि सराव

अर्धांगवायू हा मेंदूचा आजार आहे, हाताचा नव्हे. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, तेथील पेशी मरतात आणि विरुद्ध बाजूचा हात लुळा पडतो. हाताची हाडे, स्नायू शाबूतच असतात. त्यांना हुकूम देणारी जागा गेलेली असते. मग नुसते तेल चोळून भागेल कसे?

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे एडवर्ड टाऊब या अमेरिकन संशोधकाचे काम पाहावे. माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा त्याने तोडल्या. हात हलवण्याची शक्ती उरूनही माकड तो वापरीना. सुरुवातीचे प्रयत्न फसतात, दुसऱ्या हाताने काम भागते, आणि 'हा हात चालत नाही' हे ते जणू शिकून बसते. चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, की अधू हात कामाला लागतो. (माकडांच्या हालांवरून १९८१ साली मोठे वादळ उठले, आणि ते उठायलाच हवे होते.)

पुढे हीच युक्ती माणसांसाठी वापरली गेली. चांगल्या हातावर पिशवीसारखा जाड मोजा चढवायचा आणि दोन आठवडे अधू हाताकडून रोज काही तास कामे करून घ्यायची. झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या रीतीने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली व ती वर्षभर टिकली. मात्र मनगट व बोटे थोडी तरी उचलता यावी लागतात. पूर्ण लुळ्या हाताला ही रीत लागू नाही.

खरी मेख आहे ती संख्येची. २००९ सालच्या एका पाहणीत रुग्ण एका बैठकीत हाताची उपयोगी हालचाल सरासरी ३२ वेळाच करताना आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत हाच आकडा रोज काही शेकड्यांचा असतो!

आपल्याकडे तर घास भरवणे, गुंड्या लावून देणे हीच सेवा. आमच्या आजोबांचा विळा धरणारा उजवा हात गेला, तेव्हा सुनांनी त्यांना पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्यावर आजीने चिंचोक्यांची वाटी पुढे ठेवली. "अहो, उजव्यानं," एवढेच ती म्हणते. एकेक चिंचोका दुसऱ्या वाटीत. शंभर झाले की ती एक खडा मांडते. खांदा दुखू लागला की थांबतात. दिवाळीत दिवसाला दोन खडे होत, आता पाच होतात. भाकरीचा तुकडा ते स्वतः मोडतात. सदऱ्याची गुंडी अजून लागत नाही.