अठरा मिनिटांचा प्रवास

धुळ्याच्या एका शाळेत दिवाळीच्या सुटीपूर्वीचा शेवटचा तास चालू होता. भाऊबीजेला कोण कोठे जाणार, हे गुरुजी विचारीत होते. एका मुलाची बहीण जळगावास दिलेली होती. तो म्हणाला, "गुरुजी, आपल्या गोंदूरला धावपट्टी आहे, जळगावलाही विमानतळ आहे. मग या दोन शहरांमध्ये विमान का नाही? असते, तर मी दहा मिनिटांत ताईकडे पोचलो असतो!"

वर्गात हशा पिकला. परंतु गुरुजी हसले नाहीत. "प्रश्न उत्तम आहे. आपण उत्तर मोजूनच काढू," असे म्हणून त्यांनी खानदेशाचा नकाशा भिंतीवर टांगला.

पट्टी ठेवून मोजले असता दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे ८३ किलोमीटर भरले. पारोळा व एरंडोल या गावांवरून जाणारा, गिरणा ओलांडणारा महामार्ग सुमारे ९५ किलोमीटरांचा आहे. आगगाडीला मात्र चाळीसगावचा वळसा पडतो. धुळे ते चाळीसगाव ५६ आणि तेथून जळगाव ९३, म्हणजे जवळजवळ १५० किलोमीटर!

"विमानाला नदी आडवी येत नाही, की वळसाही पडत नाही. ते ८३ किलोमीटरच जाईल," मुलगा उत्साहाने म्हणाला.

"थांब," गुरुजी म्हणाले. "विमान घराच्या अंगणातून उडत नाही. गोंदूर धुळ्याच्या वायव्येस आहे आणि जळगावचा विमानतळ त्या शहराच्या आग्नेयेस, कुसुंब्याजवळ. म्हणून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर धर. लहान विमानाचा वेग ताशी ३०० किलोमीटर मान."

मुलाने भागाकार केला. उत्तर आले अठरा मिनिटे! त्याचा चेहरा उजळला.

"आता उरलेला हिशेब मांड," गुरुजी म्हणाले. घरापासून धावपट्टीपर्यंत अर्धा तास; उड्डाणापूर्वीची तपासणी एक तास; आकाशात चढणे व उतरणे धरून उड्डाणाचा अर्धा तास; कुसुंब्याहून ताईच्या घरापर्यंत आणखी अर्धा तास. बेरीज अडीच तास झाली. एस.टी.ची मोटार सुमारे दोन तासांत जळगावास पोचते. स्थानकावर जाण्यायेण्याचा अर्धा तास मिळवला, तरी वेळ तितकाच!

"मग विमानाचा उपयोग तरी काय?" मुलाने हिरमुसून विचारले.

"उपयोग लांबच्या पल्ल्याला. २३ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई–जळगाव मार्गावर १९ आसनांचे विमान सुरू झाले. हे हवाई अंतर सुमारे ३५५ किलोमीटर; रेल्वेने ते ४२० किलोमीटर असून सहा-सात तास लागतात. तेथे तपासणीचा तास देऊनही कित्येक तास वाचतात. जवळच्या पल्ल्यात मात्र वेगाने मिळवलेला वेळ वाट पाहण्यातच खर्ची पडतो."

भाऊबीजेच्या दिवशी मुलाने पहाटेची पहिली मोटार गाठली. ताई निरांजन घेऊन दारातच उभी होती. "किती वेळात आलास रे?" तिने विचारले.

मुलगा हसून म्हणाला, "ताई, स्थानकापासून सांगू, की घरापासून?"

स्वाध्याय

१. धुळे व जळगाव यांमधील सरळ अंतर, रस्त्याचे अंतर व रेल्वेचे अंतर वेगवेगळे का आहे?
२. मुलाने ताईला शेवटी असा प्रतिप्रश्न का केला?
३. तुमच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास लागणारा वेळ घरापासून मोजून लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : हशा पिकणे, वळसा पडणे, खर्ची पडणे.