स्मार्टफोनमधील जागेचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. दुर्ग जिल्हा आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात असल्याने हा मुलूख त्यांना तसा परकाही नव्हता. त्या पिढीतील आणि तिच्या पुढील पिढीतीलही बरेच कामगार आता निवृत्त झाले असून कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ अन्वये मिळणारे निवृत्तिवेतन दरमहा त्यांच्या बँक खात्यात जमा होते.

या निवृत्तिवेतनासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. सदर योजनेत तो दिल्या तारखेपासून एक वर्ष ग्राह्य धरला जातो. मुदत उलटली की निवृत्तिवेतन थांबते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय दाखल्याची सोय सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून केवळ स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला काढता येऊ लागला. वयोमानाने अथवा कष्टाच्या कामाने ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत, त्यांना ही सोय विशेष मोलाची वाटते. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप फोनमध्ये असावी लागतात. नेमकी येथेच अनेकांची गाडी अडते, कारण फोनमध्ये जागाच शिल्लक नसते.

एक प्रातिनिधिक उदाहरण पाहता येईल. सेक्टरमधील क्वार्टर सोडून मुलाकडे राहावयास गेलेले एक निवृत्त गृहस्थ. फोन ३२ जीबीचा, चार वर्षांपूर्वीचा. दाखल्याची मुदत संपण्यास आठ दिवस उरलेले आणि ॲप उतरवून घेताना ‘पुरेशी जागा नाही’ अशी सूचना पुनःपुन्हा येते. शेजारच्या मुलाने उपाय सुचविला, ‘आजोबा, व्हॉट्सॲप काढून टाका, सगळं मोकळं होईल.’ गृहस्थांनी फोन खिशात घातला. दिवंगत पत्नीने पाठविलेले ध्वनिसंदेश त्याच व्हॉट्सॲपमध्ये होते.

अशा वेळी काहीही पुसण्यापूर्वी जागा कोणाची भरली आहे, हे निश्चित करणे अगत्याचे असते. ‘स्टोरेज भरले’ ही सूचना दोन निरनिराळ्या ठिकाणांविषयी असू शकते. एक, प्रत्यक्ष फोनमधील साठवण. दुसरी, गुगल खात्यातील १५ जीबींची मोफत साठवण, ज्यात जीमेल, ड्राइव्ह व छायाचित्रे यांचा एकत्रित वाटा असतो. खाते भरल्याची सूचना पाहून फोन रिकामा करणे म्हणजे एका खात्याची थकबाकी दुसऱ्या खात्यात भरणे होय. तसेच रॅम आणि स्टोरेज यांतही गल्लत होते. रॅम म्हणजे काउंटरवरील टेबल, तर स्टोरेज म्हणजे मागची दप्तरखोली. चालू असलेली ॲप बोटाने सरकवून बंद केली की टेबल आवरते, पण दप्तरखोलीतील एक कागदही हलत नाही.

फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज’ हा विभाग असतो (काही कंपन्यांच्या फोनमध्ये तो ‘डिव्हाइस केअर’ किंवा ‘अबाउट फोन’मध्ये आढळतो). तेथे ॲप, छायाचित्रे, चित्रफिती, दस्तऐवज यांनी व्यापलेली जागा वेगवेगळी दाखविली जाते. कार्यप्रणालीचा वाटा मोठा असला तरी त्यास हात लावता येत नाही. उपरोक्त गृहस्थांच्या फोनमध्ये सर्वांत मोठा आकडा व्हॉट्सॲपचाच निघाला. शेजारच्या मुलाचे निदान बरोबर होते. औषध तेवढे चुकले होते.

व्हॉट्सॲपमध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि तेथे ‘मॅनेज स्टोरेज’ असा क्रम आहे. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तेथे स्वतंत्रपणे मांडलेल्या दिसतात. त्याखाली कोणत्या संभाषणाने किती जागा घेतली, याची उतरती यादी असते. सुप्रभातची चित्रे, आरोग्याचे सल्ले आणि एकच चित्रफीत चार गटांतून चारदा, असा ऐवज तेथे सापडतो. ध्वनिसंदेशाची जागा मात्र अत्यल्प असते. एका मिनिटाच्या संदेशास साधारणतः शंभर ते दीडशे केबी, म्हणजे असे शंभर संदेश मिळून एखाद्या बेताच्या चित्रफितीएवढे भरतात. पत्नीच्या संभाषणाचे नाव यादीत फार खाली होते.

जे राखावयाचे आहे, त्यावर आधी तारांकन करून ठेवावे. संपूर्ण संभाषण ‘क्लिअर’ करताना तारांकित संदेश वगळण्याचा पर्याय मिळतो. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ‘एक्स्पोर्ट चॅट’ने ते ईमेलवर घेणे, किंवा फोन संगणकास जोडून ध्वनिसंदेशांच्या फोल्डरची प्रत काढणे. प्रत उघडून ऐकून पाहिल्याखेरीज मूळ पुसू नये. फोटो, चित्रफिती आपोआप उतरण्याची सोयही ‘स्टोरेज अँड डेटा’मध्येच बंद करता येते, अन्यथा महिन्याभरात स्थिती पूर्ववत होते.

छायाचित्रांबाबत एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तेथून छायाचित्र पुसले, तर ते फोनबरोबर खात्यातूनही जाते. फोनमधील प्रत तेवढी काढावयाची असल्यास त्याच ॲपमधील ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. पुसलेली, बॅकअप झालेली छायाचित्रे कचरापेटीत ६० दिवस आणि बॅकअप न झालेली ३० दिवस राहतात. फोनमधील कचरापेटी रिकामी होईपर्यंत पुसलेल्या चित्रांची जागा अडलेलीच असते.

प्रत्येक ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅशे’ व ‘क्लिअर डेटा’ असे दोन पर्याय असतात. कॅशे हा तात्पुरता साठा असून तो पुसल्याने सहसा काही बिघडत नाही. ‘क्लिअर डेटा’ मात्र ॲपला नव्यासारखे कोरे करते. बँकेच्या ॲपबाबत तसे झाल्यास खात्यातील रक्कम सुरक्षितच राहते, परंतु नोंदणी पुन्हा करावी लागते. आश्चर्य असे की जागा करण्यासाठी बरेचजण बँकेचेच ॲप प्रथम काढून टाकतात. कित्येक खेळांच्या ॲपपेक्षा ते पुष्कळच लहान असते.

‘डाउनलोड्स’ फोल्डर मात्र निःसंकोच तपासावा. तेथे खातेउतारे, आधार व पॅनच्या प्रती वर्षानुवर्षे पडून असतात. जागा त्यांनी फारशी घेतलेली नसते. परंतु फोन हरवल्यास हेच कागद परक्याच्या हाती पडतात. खातेउतारा बँकेकडून पुन्हा केव्हाही मिळू शकतो.

फोन स्वच्छ करून देण्याचे आश्वासन देणारी अनोळखी ॲप, तसेच हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, उघडूच नये. दोन्ही आवश्यक ॲप गुगल प्ले स्टोअरवर विनामूल्य उपलब्ध आहेत.

त्या गृहस्थांनी सकाळी नातीला जवळ बसवून केवळ मोठ्या आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली पुसल्या, तेव्हा दुपारपर्यंत ६ जीबी जागा मोकळी झाली. खिडकीकडे तोंड करून बसल्यावर दुसऱ्या प्रयत्नात चेहरा जुळला आणि काही वेळाने दाखल्याच्या क्रमांकाचा एसएमएस आला. तो त्यांनी वहीत उतरवून घेतला.