काजव्यांच्या गर्दीत नको, गणपती झाल्यावर ये

अगं, तुझा बेत वाचला. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारपर्यंत कळसूबाई, संध्याकाळी रंधा धबधबा, रात्री काजवे, रविवारी सांधण आणि रतनगड, आणि रात्री मुंबईत परत. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी किती हौसेनं तयार झाल्यात तेही कळलं. नाही म्हणायला जीव होत नाही. पण लग्न होऊन इगतपुरीला आले तेव्हापासून हा डोंगरपट्टा माझा झालाय, आणि थोरल्या बहिणीनं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? म्हणून जरा बस आणि ऐक.

तू लिहिलेली बहुतेक ठिकाणं एकाच अभयारण्यात आणि त्याच्या कडेकडेनं येतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वरचं आहे. इगतपुरीहून घोटी, घोटीहून उजवीकडे वळून बारी, आणि बारीची खिंड ओलांडली की शेंडी-भंडारदरा. अभयारण्य म्हटलं की माणूस नसलेलं रान तुझ्या डोळ्यांपुढे येत असेल. इथं तसं नाही. महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची गावं, वाड्या रानाच्या आतच आहेत. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे ही नावं तुमच्या नकाशावर ‘पॉइंट’ म्हणून असतील, पण तिथं कुणाचं तरी अंगण आहे, कुणाची खाचरं आहेत. दोन दिवसांत पाच ठिकाणं करशील तर गाडीच्या काचेतून धूळ आणि दुसऱ्यांच्या गाड्या बघशील. माझं म्हणणं एवढंच की एक गाव धर आणि दोन रात्री तिथंच राहा.

आता काजव्यांचं. मी त्यांना नावं ठेवत नाही, देखणेपणाला तोड नाही त्यांच्या. मे संपता संपता वळवाच्या दोन-चार सरी पडल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते उतरतात. एका झाडावरचे हजारो जीव एका लयीत पेटतात, विझतात, आणि शेजारचं झाड ती लय उचलतं. पण हे चाललेलं काय असतं? नर उजेड दाखवत फिरतो, मादी बहुधा खाली झुडपात नाहीतर गवतात बसून त्याला उत्तर देते. वर्षाचा बहुतेक काळ हा जीव अळीच्या रूपात मातीत, पाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढतो, आणि पंख फुटल्यावर हातात उरतात थोडेच दिवस. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, तोही अंधाराच्या भरवशावर. अशा वेळी शे-दोनशे गाड्यांचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश, वरून गाणी. झाडाखाली जाऊन उभं राहावं म्हणून माणसं गवत तुडवत आत शिरतात, आणि मादी तर तिथंच बसलेली असते. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आठेक किलोमीटरच्या बोगद्यानं घाट कापला गेला. मुंबई आणखी जवळ आली, आणि तेवढी गर्दीही.

आणखी एक गोष्ट आहे, ती जाहिरातीत कुणी लिहीत नाही. काजव्यांचा महिना हाच इथल्या बायकांना सगळ्यात जड जातो. घाटघरला महाराष्ट्राची चेरापुंजी म्हणतात, इतका पाऊस. पण तो काळ्या कातळावरून धावत खाली जातो, धरणं भरतो, आणि वैशाख-ज्येष्ठात वाडीची विहीर तळाला लागते. भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं, १९२६ मध्ये पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरेच्या काठाकाठानं खालच्या उसाच्या मळ्यांपर्यंत पोचतं, आणि त्याच धरणाच्या उशाशी राहणारी बाई डोक्यावर हंडा घेऊन उतार चढत असते. तुमच्यासारख्या पाचजणी त्या दिवसांत तिच्या घरी उतरल्या की प्रत्येकीच्या अंघोळीची बादली तिनं वाहून आणलेली असते. पाहुण्याला ती नाही म्हणणार नाही. म्हणून आपणच समजून घ्यायचं गं. काजवे बघायचेच असतील तर आठवड्याच्या मधल्या वारी ये, गाडी गावात ठेव, टॉर्चवर लाल कागद बांध, पायवाट सोडू नकोस, आणि अंघोळ घरी जाऊन कर.

पण माझं ऐकशील तर गणपती झाल्यावर ये. त्या दिवसांत इथं काय होतं ते तुला कसं सांगू! पावसाचा जोर ओसरलेला, ओढे अजून वाहते, धरण काठोकाठ. भात निसवायला लागलेला असतो, आणि सकाळी खाचराच्या बांधावरून चाललीस की ओल्या लोंब्यांचा वास येतो. डोंगराच्या सोंडांवर सोनकी पिवळी होऊन पसरते, ओलाव्याला तेरडा. आवणीची धांदल संपलेली, कापणीला अवकाश, त्यामुळे घरातल्या बाईला तुझ्याशी बसून बोलायला वेळ असतो. तिला वेळ असेल तेव्हा जावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ती बोलायला लागली की तिला कळसूबाईची गोष्ट विचार. १६४६ मीटर म्हणजे राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, हे तुला ठाऊकच आहे. पण बारी-जहागीरदारवाडीच्या लोकांना ती आपल्या घरची पोर. कळसू नावाची कोळ्याची मुलगी कुणाकडे कामाला राहिली, ती अट घालूनच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला भांड्यांना बसवलं. तिनं ती घासली, आणि तडक डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. नवरात्रात वरच्या देवळात यात्रा भरते, म्हाताऱ्या बायका त्या लोखंडी शिड्या चढून जातात. ही गोष्ट ऐकून मग शिखर चढ. शनिवार-रविवारी मात्र नको, शिड्यांपाशी रांग लागते आणि ओल्या पायरीवर मागून लोटालोटी होते. उजाडायच्या आत बारीतून निघा, गावातला वाटाड्या घ्या, भले वाट सरळ दिसत असो. सांधणचं नाव त्या दिवसांत काढायचं नाही. दोन कड्यांमधली ती चीर आहे, वर कुठं पाऊस पडला तर खाली पळायला जागा नाही. ती थंडीत, पाणी उतरल्यावर.

जनावरांविषयी विचारलं होतंस. ताडोबासारखं जिपात बसून वाघ दाखवतील असं इथं काही नाही. बिबट्या आहे, तरस, भेकर, रानडुक्कर, उदमांजर आहे, पण ती बहुतेक रात्रीची मंडळी. वाटाड्या चालता चालता काठीनं दाखवतो: दगडावर पडलेल्या विष्ठेत उंबराच्या बिया दिसल्या तर इथून उदमांजर गेलं, चिखलात खूर उमटलाय तो भेकराचा. दाट झाडी असेल तिथं मान वर करून चाल. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी दोन-चार घरटी बांधून ठेवतं. आपला राज्यप्राणी तो, खाली जमिनीवर सहसा उतरत नाही. तांबूस, झुपकेदार शेपटी फांदीवरून खाली सोडून दोन्ही हातांत फळ धरून बसलेला दिसला तर सगळ्याजणी तिथंच थांबा, कुजबुजूसुद्धा नका. ओरडाल तर तो एका उडीत पलीकडच्या झाडावर.

बिबट्या हा इथं गोष्टीतला नाही, म्हणून दिवेलागणीनंतर एकटीदुकटीनं वाडीबाहेर पडायचं नाही. शौचालय घराला लागून आहे का हे आधी विचारून घे, विचारायला लाजू नकोस. कातळावर बसताना, दगडाच्या फटीत हात घालताना बघून घाल, फुरसं तिथंच असतं. चावलंच काही तर झाडपाल्यात वेळ घालवायचा नाही, थेट राजूरचं किंवा इगतपुरीचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला दगड दिसेल, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. तो वाघोबा. दिवाळीत तुम्ही शहरात वसुबारस करता ना, त्याच दिवशी इथं वाघबारस असते. गुराखी घरोघरून शिधा मागून आणतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरंवासरं राख असं सांगतात. ज्याच्या तोंडी आपली गाय जाऊ शकते त्याच्याशी बोलून घ्यायची ही रीत मला फार मोठी वाटते. तिथं चपला काढ. मूर्तीशेजारी उभं राहून दात दाखवत फोटो काढू नकोस. तसंच बोहाड्याचं. उन्हाळ्यात इकडं इगतपुरी, त्र्यंबक, मोखाड्याच्या गावांत सोंगं नाचतात, संबळ वाजतो, टेंभे पेटतात. मुखवटा चढला की तो माणूस गावाच्या लेखी देव असतो, त्याला अडवून ‘एक सेल्फी’ म्हणायचं नाही. शेतात लुगडं खोचून वाकलेल्या बायकांचे फोटो तर विचारल्याशिवाय मुळीच काढू नकोस. तू कमरेत वाकलेली असताना तुझा फोटो कुणी अनोळखी माणसानं काढला तर कसं वाटेल, तेवढा विचार कर.

घर निवडताना असं घर बघ, जिथं पैशांचं बोलणं घरातली बाई करते. पैसे तिच्या हातात दे आणि घासाघीस करू नकोस. पोरांना चॉकलेटं, जुने कपडे वाटू नकोस. एकदा ती सवय लागली की गाडी दिसताच पोरं धावत येतात, आणि त्यांच्या आयांना ते मनातून लागतं. पुरुषवाडीनं घरोघरी वाटून पाहुणे उतरवायची रीत कितीतरी आधीपासून चालवलीय, तिथं गेलीस तरी चालेल.

आणि चुलीपाशी बस, हे विसरू नकोस. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते आधणाच्या पाण्यानं मळतात, परातीत नाहीतर हातावरच थापतात, आणि तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात. खुरासणीची चटणी आणि हुलग्याचं कढण घेऊन ती भाकरी गरम असतानाच खायची. बियाणं कुठलं, विचार. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत गेल्या नव्हत्या त्या. आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांचं नाव निघालं तर गप्प बसून ऐक. इंग्रजांनी २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं, आणि इथल्या माणसांना ते आपल्या घरातलं मरण वाटतं.

तर आता असं कर. सकाळच्या तपोवननं इगतपुरीला उतरा, मी स्टेशनवर येते. तिथून घोटी, मग शेंडी. एसटी आहे, जिपाही मिळतात. रोख पैसे घे, पुढं नेटवर्क जातं. बुटांचे तळवे झिजलेले नसावेत. किती जणी शाकाहारी, कुणाची पाळी त्या तारखांना येते, हे मला आधी कळव, म्हणजे घरवालीला सांगून तशी सोय करता येईल. तारीख मात्र निदान आठ दिवस आधी ठरव. नागली घरचीच असते, पण गिरणीपर्यंत न्यायला तिला खालच्या गावात उतरावं लागतं.