नेमका शब्द, अर्धं औषध

बाळा, मराठी चांगली यावी म्हणून तू अलंकारांचं पुस्तक आणि जाडजूड शब्दकोश एकाच दिवशी घरी आणलास, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं बघ. आता पुस्तकं उशाशी ठेव आणि आधी मावशीचं ऐक. दमानं वाच, पाठ करायला बसू नकोस.

१. सुरुवात स्वयंपाकघरातून कर – तिथला शब्द दिवसातून दोनदा तोंडात येतो, म्हणून विसरत नाही. खिचडी आसट, भज्यांचं पीठ सरसरीत, तूप रवाळ; आणि आंघोळीच्या कढत पाण्यात ओततात ते विसण.

२. नामांच्या आधी क्रियापदं जमव – वाक्याचा जीव त्यांच्यात असतो. छप्पर गळतं, माठ पाझरतो, धुतलेलं लुगडं निथळतं, आणि नळ ‘ठिबकतो’ म्हणालास तर प्लंबर वायसर घेऊनच येईल.

३. दुखण्याचे शब्द मात्र आजच शीक, हे उद्यावर टाकू नकोस. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, डोळे चुरचुरतात, पाठीत उसण भरते, उन्हातून आल्यावर डोकं भणभणतं. ठसठस नाडीच्या ठोक्याबरोबर चालते, कळ येते आणि जाते, सल एका जागी टोचत राहतो. डॉक्टरांपुढे ‘मरणाचं दुखतंय’ एवढंच म्हणू नकोस – त्यातून तुझी भीती कळते, दुखणं कळत नाही. अतिशयोक्ती जेवणाचं कौतुक करायला ठेव, तिथे हवी तेवढी उधळ.

४. रंगाच्या जोडशब्दांत जोडीदार बदलू नकोस – अर्थ त्या शेपटातच असतो. ओठ लालचुटुक, रागावलेला चेहरा लालबुंद. आणि होणाऱ्या सासूबाईंच्या साडीला ‘लालभडक’ म्हणशील तर मला मध्यस्थीला बोलावू नकोस.

५. अलंकार व्याख्येत शोधण्याआधी घरात ओळख. तुझी आजी ‘तांदूळ संपले’ न म्हणता ‘वाढले’ म्हणते, फुटलेल्या बांगडीलाही ‘वाढली’ म्हणते, आणि निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ – अशुभ तोंडून काढायचं नाही म्हणून. सरळ न सांगता वळणानं सांगणं, हीच पर्यायोक्तीची चाल.

६. पण औषध, पैसा आणि तारीख या तिन्हींत वळण घेऊ नकोस – आडून सांगितलेली रक्कम समोरचा आपल्या सोयीनं ऐकतो, आणि नात्यात गाठ पडते.

७. उपमा आपल्या हातच्या कामातून घे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, तरी शेत, मोट, जातं यांतून त्यांना जे दिसलं ते १९५२ साली गाणी छापून आल्यापासून महाराष्ट्र विसरलेला नाही – जे रोज हाताळतो, त्याची उपमा खोटी पडत नाही. तू दिवसभर संगणकापुढे बसतोस ना, मग तिथली शोध. ‘चंद्रासारखं मुख’ राहू दे.

८. दृष्टान्त आखूड ठेव. केशिराजांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त लावले, तेव्हा आधी सूत्र, मग गोष्ट, मग ती कशी लागू पडते ते, असे तीन भाग केले – ऐकणारा वाटेत हरवू नये म्हणून. घरी बोलताना तिसरा भाग एका वाक्यात आटोप.

९. व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, मोबाइलवर कधीही लिहू नकोस – तिथे तुझा चेहरा दिसत नाही, आणि भाबड्या माणसाला ती खरीच स्तुती वाटते. लहान मुलांशी तर मुळीच नको.

१०. आठवड्याला एकच नवा शब्द घे, आणि तो खऱ्या कामाच्या वाक्यात वापर. आमच्याकडची म्हण करून टाकली आहे मी: वापरला तो आपला, वहीत राहिला तो वहीचा.

११. समोरच्याला शब्द कळला नाही तर लगेच सोपा शब्द दे, अर्थ विचारायला लावू नकोस – बोलताना माणूस लहान झाला की तो पुढचं ऐकतच नाही.

१२. नागपूरचा, मालवणचा, बेळगावचा शब्द वेगळा लागला तर दुरुस्त करू नकोस, लिहून घे. शेजारी कोण म्हणालं आणि कुठलं, तेही लिही – पुढे तोच शब्द दुसऱ्या गावी वेगळ्या अर्थानं भेटतो, तेव्हा ही नोंद भांडण वाचवते.

१३. आता उघड कोश. मोल्सवर्थचा पहिल्यांदा १८३१ साली निघाला आणि वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडाखंडानं आला. अर्थावर थांबू नकोस, नोंदीतले वाक्प्रचार आणि म्हणीही वाच – शब्द कुणाबरोबर बसतो-उठतो ते तिथे कळतं. आणि वापरण्याआधी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचार, ‘असं म्हणतात का हो अजून?’ – कोशात छापलेला प्रत्येक शब्द आज बोलण्यात असतोच असं नाही, आणि विचारलंस की ती माणसं आणखी चार शब्द आपणहून देतात.